कन्झर्व्हेटरीचं माळवद

२० जानेवारी २०२४, शनिवार

सकाळी सात. बाहेर उणे ४, कन्झर्व्हेटरीत, म्हणजे घराला मागे जोडलेल्या काचेच्या खोलीत, ३ अंश. टप, टप, टप असा आवाज ऐकून आत आले तर वेताच्या खुर्चीच्या गादीवर तळहाताएवढा ओला डाग. वर पाहिलं. नोव्हेंबरात मी मोठ्या हौसेनं छताला आतून चिकटवलेली चंदेरी बबल-फॉइल मधोमध पोट सुटल्यासारखी खाली आली होती. कडेची टेप ओढली आणि गार, पिवळट पाणी थेट कोपरापर्यंत बाहीत शिरलं.

फॉइलच्या मागे छपराच्या पॉलीकार्बोनेटच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, पत्र्यावर थेंबच थेंब. गरम भाताच्या पातेल्यावरचं झाकण उलटं केल्यावर दिसतं, अगदी तसं. पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीवर काळी बुरशी, मोहरी सांडल्यासारखी.

नवरा म्हणाला, "छप्पर गळतंय." पण गेले चार दिवस पाऊसच नाही. हे पाणी आमचंच आहे: आमच्या श्वासातलं, स्वयंपाकघरातल्या वरणाच्या शिट्ट्यांचं आणि मुख्य म्हणजे इथंच दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांचं.

आजपासून नीट नोंदी ठेवणार. मागच्या वेळी नोंदी न ठेवता, विचार न करता, एका दुपारी काम उरकलं होतं. त्याचं फळ बाहीत आहे.

२७ जानेवारी

आधी काय आहे ते लिहून ठेवते. घर इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये, कन्झर्व्हेटरी मागच्या बाजूला, तोंड नैर्ऋत्येला. आधीच्या मालकांनी वीसेक वर्षांपूर्वी बांधलेली. भिंतीला टेकलेलं एकउतार छप्पर, लांबी साडेतीन मीटर, पुढे तीन मीटर. छपराला १६ मिलीमीटरचे दुधी पॉलीकार्बोनेटचे पत्रे, अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांवर बसवलेले. दांड्यांमुळे पाच गाळे पडतात, प्रत्येक साधारण ७० सेंटीमीटरचा. तिन्ही बाजूंना गुडघ्याच्या वर येईल एवढी विटांची भिंत, त्यावर जुनी दुहेरी काच.

हिवाळ्यात बर्फाचं कपाट, उन्हाळ्यात भट्टी. १९ जुलै २०२२ ला हीथ्रोला ४०.२ अंश नोंदवले गेले, त्या दिवशी आमच्या इथल्या शेल्फवरच्या मेणबत्त्या नमस्कार घातल्यासारख्या वाकल्या होत्या. आई मात्र खूश होती. तिनं तीन दिवसांत सांडगे खडखडीत वाळवले आणि "तुमच्या इंग्लंडात हीच एक खोली कामाची" असं प्रमाणपत्र दिलं.

दुपारी वहीत हिशेब केला. छप्पर अकरा चौरस मीटर. या पत्र्यातून दर चौरस मीटरला, आत-बाहेर एका अंशाच्या फरकाला, साधारण २.४ वॉट उष्णता जाते. बाहेरपेक्षा आत १५ अंश जास्त ठेवायचे तर छपरातून ४०० वॉट गेले. आणि काचेच्या भिंती? चौदा चौरस मीटर गुणिले २.८ गुणिले १५, म्हणजे जवळपास ५९०. छपरापेक्षा जास्त! हे कुठल्याच जाहिरातीत नव्हतं.

उन्हाळ्याचं गणित मात्र उलटं. कडक उन्हात चौरस मीटरला ८०० वॉटच्या आसपास येतात. दुधी पत्र्यातून त्यातले निम्मे आत आले असं धरलं तरी चार किलोवॉटहून जास्त. दोन मोठे हीटर जुलैत चालू ठेवून बसल्यासारखं. म्हणजे छप्पर झाकण्याचा खरा फायदा उन्हाळ्यात. थंडीसाठी तो अर्धाच उपाय आहे, हे स्वतःला आत्ताच सांगून ठेवते.

११ फेब्रुवारी

दोन जण बघून गेले. पहिल्यानं पूर्ण छप्पर काढून कौलासारखं पक्कं छप्पर घालायचे सात हजार पौंडांच्या पुढे सांगितले. दुसरा म्हणाला, एका दिवसात आतून पातळ चंदेरी थर आणि वर प्लास्टिकच्या फळ्या. मी विचारलं, "थराच्या मागे हवा कुठून फिरणार?" तो म्हणाला, "मॅडम, ते मटेरियल श्वास घेतं." मी त्याला चहा दिला आणि निरोपही दिला.

एक गंमत: ऊर्जा वाचवणाऱ्या सामानावर इथं मार्च २०२७ पर्यंत व्हॅट शून्य आहे, पण कंत्राटदारानं सामान आणून बसवलं तरच. मी दुकानातून तेच सामान विकत आणून स्वतः बसवलं तर वीस टक्के द्यायचे. स्वतः घाम गाळणाऱ्याला दंड म्हणायचा हा.

२ मार्च

कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला ईमेल केली होती, उत्तर आलं. इंग्लंडमध्ये ३० चौरस मीटरच्या आतली कन्झर्व्हेटरी बांधकाम नियमांतून सुटते, पण घर आणि ती यांच्यामध्ये बाहेरच्या दाराच्या दर्जाचं दार हवं आणि घराची हीटिंग तिच्यात ओढलेली नसावी. आमचं दार जागेवर आहे आणि राहणार आहे. मी फक्त आतून हलका थर घालतेय, हे चित्र काढून पाठवलं होतं. त्यांनी या कामाला अर्ज नको म्हणून कळवलं. छप्परच बदललं किंवा मधलं दार काढलं तर मात्र अर्ज करा. हे आमच्या कौन्सिलचं उत्तर. दुसऱ्या कुणी करणार असेल तर आपापल्या कौन्सिलला लेखी विचारावं.

१० मार्च

सोलापूरला व्हिडिओ कॉल. बाबांना फोन फिरवून छप्पर दाखवलं.

"काय ग, पत्र्याखाली राहायला विलायतेला गेलीस होय?"

मग आजोबांच्या घराचं माळवद निघालं. लाकडी कड्या, त्यावर फळ्या, त्यावर हातभर पांढरी माती. पावसाळ्याआधी दर वर्षी वर चढून माती चोपायची. एप्रिलमध्ये बाहेर ४२ असताना आत अंगावर पातळ पांघरूण लागायचं, हे बाबांचं म्हणणं, आई मागून म्हणाली, "एवढं काही नाही हं."

मी सांगितलं, बाबा, हे वर चंदेरी फॉइल असलेले पिवळ्या फोमचे पीआयआर बोर्ड ७५ मिलीमीटर लावले तर उष्णता अडवण्यात ते साधारण दोन मीटर मातीच्या तोडीचे आहेत. वजन मात्र चौरस मीटरला अडीच किलोसुद्धा नाही. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "पण माती दिवसाचं ऊन रात्रीपर्यंत धरून ठेवते. तुझा फोम काय धरणार?" बरोबर आहे. फोम फक्त अडवतो, साठवत काहीच नाही. खिडकीतून आत आलेलं ऊन आतल्या आतच फिरणार. हे मी वहीत अधोरेखित केलं.

शेवटी ते म्हणाले, "सगळं बुजवू नकोस. माळवदालासुद्धा झरोका असतो."

२३ मार्च

शेजारचे आजोबा निवृत्त सुतार आहेत. शिडीवर चढून त्यांनी दांड्यांना ठोकून पाहिलं, दोन्ही टोकांचे जोड पाहिले. त्यांची चिंता एकच, वजन. पत्र्याचं वजन चौरस मीटरला तीन किलो. दांड्या त्या हिशेबानं आणि वरच्या बर्फाच्या हिशेबानं बसवलेल्या. माझा थर सगळा मिळून अकरा किलोच्या आसपास जातो. ते म्हणाले, या दांड्या जाड आहेत, तीन मीटरला चालतील, पण प्लास्टरचा हात अजिबात देऊ नको. वजन वाढतं आणि अ‍ॅल्युमिनियम ऊन-थंडीत हलतं, त्यामुळे वर्षभरात नकाशासारख्या भेगा पडतात. सांध्यांवर लाकडी पट्ट्या मार, भेग पडली तरी पट्टीखाली राहील.

आता थरांचा क्रम ठरला. वरून खाली: पत्रा. त्याखाली ५० मिलीमीटर मोकळी हवा, म्हणजे दांडीच्या खोलीएवढी. मग दांडीखाली ५० मिलीमीटरची लाकडी पट्टी आणि पट्ट्यांच्या मध्ये ५० चा पीआयआर. त्याखाली पट्ट्यांवरूनही सलग जाणारा २५ चा पीआयआर, कारण लाकूड आणि अ‍ॅल्युमिनियममधून थंडी वाट काढते. त्याचे सगळे सांधे फॉइल टेपनं बंद. शेवटी साडेनऊ मिलीमीटरचा प्लास्टरबोर्ड, फोम उघडा ठेवणं आगीच्या दृष्टीनं धोक्याचं म्हणून.

नोव्हेंबरात माझं काय चुकलं ते या चित्रावरून कळतं. खोलीत २० अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू १२ अंशांवर येतो. त्याहून गार वस्तूला हवा शिवली की पाणी सुटलंच. उघडा पत्रा आतून बारा-तेरा अंशांवर घुटमळायचा, त्यामुळे कधी थेंब यायचे, कधी नाही. मी फॉइल लावली आणि खोलीची ऊब पत्र्यापर्यंत जायची थांबली. पत्रा बाहेरच्याइतका गार पडला. कडेच्या फटींतून वाफ मात्र आरामात मागे जात होती. म्हणजे मी पत्रा गार केला आणि पाण्याला आडोसा दिला.

म्हणून दोन गोष्टी: खोलीकडच्या बाजूनं वाफेला एकही फट ठेवायची नाही, आणि तरीही जी जाईल ती वाहून न्यायला वर हवा खेळती ठेवायची.

२९ मार्च ते १ एप्रिल, ईस्टरची सुट्टी

शुक्रवार: फॉइल उतरवली, बुरशी धुतली, पंखा लावून दिवसभर वाळवलं. पन्हाळीकडच्या कडेला प्रत्येक गाळ्यात हवेच्या जाळ्या बसवल्या. वरची बाजू अवघड. छप्पर भिंतीला टेकतं, तिथं वरून शिशाचा पत्रा बसवलेला. त्याला हात लावला तर खरीच गळती सुरू होईल. शेजारच्या आजोबांची युक्ती: पट्ट्या आणि ५० चे बोर्ड भिंतीपासून ६ सेंटीमीटर अलीकडेच थांबव. त्यामुळे भिंतीलगत एक आडवा बोगदा तयार होतो, गाळ्यांतली हवा त्यात येते आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भागांतल्या गोल जाळ्यांतून बाहेर जाते.

शनिवार: पट्ट्या बसवल्या. स्वतःच भोक पाडणारे स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरताना जे किंचाळतात, त्यानं मुलीनं कानात बोटं घालून घर सोडलं.

रविवार: बोर्ड कापणे. मी पहिला गाळा मोजला, ६५० मिलीमीटर, आणि त्याच मापानं तीन गाळ्यांचे बोर्ड कापून ठेवले. मूर्खपणा. दुसरा गाळा वर ६४८ आणि खाली ६५७ निघाला. कुठलाच गाळा काटकोनात नाही. एक बोर्ड हातोडीनं ठोकून बसवताना कोपरा तुटला, दुसरा सैल पडून डोक्यावर आला (लागत नाही, अपमान होतो). नंतर प्रत्येक गाळा तीन ठिकाणी मोजून कापला, फटीत फोमची नळी मारली. बारीक दातांची करवत आणि तोंडाला मास्क. तरी ती पिवळी पूड मानेवर बसून रात्रभर खाजते.

सोमवार: चार गाळे झाकले. पाचवा, पूर्वेच्या टोकाचा, झरोका म्हणून न झाकता ठेवला. नवऱ्याचा विरोध होता. मी म्हटलं, स्वयंपाकघराला उजेड याच छपरातून येतो, शिवाय तुळस कुठं जगेल? कॉलवर बाबा हसत होते.

६ मे

२५ चा थर आणि टेप. हे काम कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. फॉइल आधी स्पिरिटनं पुसायची, टेप लावायची, मग प्लास्टिकच्या पट्टीनं घासत जायचं. नुसत्या बोटानं दाबलेली टेप महिन्यात सुटते. रात्री दिवे घालवून टॉर्च आडवा धरला आणि सुरकुत्या शोधल्या. अकरा सापडल्या. नवरा म्हणाला, "किती बघशील?" त्याच्या बाहीत पाणी गेलं नव्हतं.

२५ ते २७ मे

प्लास्टरबोर्ड चढवला. दोघांच्या डोक्यावर एक बोर्ड आणि हातात ड्रिल. ७५ मिलीमीटरचे स्क्रू, म्हणजे बोर्ड आणि फोम ओलांडून लाकडात चाळीस मिलीमीटर जातात. भिंतीच्या कडेला पाच मिलीमीटरची फट सोडून लवचीक सीलंट भरलं. सांध्यांवर अक्रोडी रंगाच्या पट्ट्या. खालून पाहिलं तर वाड्याच्या तुळयांसारखं दिसतं. खर्च आजवर ४३० पौंड, खाजेसकट.

एक तोटा लगेच दिसला. लागूनची बैठकीची खोली दुपारी चारलाच उदास वाटते. उजेड गेलाय, खोटं कशाला बोलू.

१२ ऑगस्ट

वर्षातला सगळ्यात तापलेला दिवस, केंब्रिजला ३४.८. आमच्याकडे बाहेर ३१. कन्झर्व्हेटरीत दुपारी दोनला, खिडक्या उघड्या ठेवून, ३२. गेल्या सप्टेंबरच्या उष्णतेत बाहेर इतकंच असताना इथं ४४ वाचले होते. खालून छताला हात लावला, कोमट सुद्धा नाही.

पण संध्याकाळी सहाला ३५! ऊन आता छपरावर नाहीच. खाली उतरून पश्चिमेच्या काचेतून सरळ आत येतंय, आणि बाबांनी सांगितल्याप्रमाणे फोम त्याला आतच कोंडून ठेवतोय. काचेला बाहेरून बांबूच्या चिका लावायला हव्यात. आतला पडदा उशिरा येतो, ऊन तोवर घरात शिरलेलं असतं.

पत्र्याचा कटकट आवाज सकाळी वाढलाय. पॉलीकार्बोनेट मीटरमागे अंशाला ०.०६५ मिलीमीटर वाढतं. तीन मीटरचा पत्रा चाळीस अंशांनी तापला की आठ मिलीमीटर लांबणार. खाली चंदेरी थर आल्यानं तो आता आधीपेक्षा जास्त तापतोय. पन्हाळीकडच्या टोकाला जागा आहे का ते चढून पाहिलं. आहे.

२६ ऑगस्ट

सुट्टीला चॅट्सवर्थला, डेव्हनशायरच्या ड्यूकच्या जुन्या वाड्याला, गेलो. तिथल्या झुडपांच्या भुलभुलैयात मुलगी हरवली आणि आम्ही पाटी वाचत बसलो: याच जागेवर ड्यूकचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टननं उभारलेलं काचेचं प्रचंड ग्रीनहाउस होतं, जमिनीखाली आठ बॉयलर. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली, आणि १९२० मध्ये ते पाडलं. म्हणजे काचेच्या खोलीचं बिल ड्यूकलाही जड गेलं. नवऱ्यानं या वाक्याचा फोटो काढून ठेवला.

७ सप्टेंबर

गणपती यंदा कन्झर्व्हेटरीत. आरतीला चौदा माणसं, कापूर, धूप. काही थेंब नाही. अर्थात बाहेर एकोणीस अंश होते, याला परीक्षा म्हणत नाही.

१९ ऑक्टोबर

लेडीबर्ड किड्यांचे थवे! थंडी पडू लागली की घरांच्या फटींत शिरतात. खालच्या जाळ्यांना बारीक तारेची जाळी लावली होती, बाजूच्या गोल जाळ्यांना विसरले. झरोक्याच्या गाळ्यातून पाहिलं तर भिंतीकडच्या बोगद्यात लाल ठिपक्यांची जत्रा. ब्रशनं जमेल तेवढ्या काढल्या, जाळी लावली. काही आत राहिल्याच असणार.

२४ नोव्हेंबर

बर्ट वादळ. रात्रभर पाऊस. पूर्वी इथं पावसात फोनवर बोलता यायचं नाही, पत्र्याचा ताशा वाजायचा. आता झाकलेल्या भागात पुस्तक वाचत बसता येतं, फक्त पूर्वेच्या कोपऱ्यात ताशा चालू. खोली अर्धी लंडनला, अर्धी कोकणात.

११ जानेवारी २०२५, शनिवार

हीच ती परीक्षा. बाहेर उणे ५. दोन किलोवॉटचा हीटर सातला लावला. आठला १७ अंश. गेल्या वर्षी दोन तासांत १३ च्या वर काटा हलत नव्हता.

तरी हिशेब मांडते तेव्हा एकूण उष्णतेची गळती पाव ते एक तृतीयांशच कमी झालेली दिसते. काच, जमीन, फटी जशा होत्या तशाच आहेत. वीज युनिटला २५ पेन्सच्या आसपास, म्हणजे तासाला पन्नास पेन्स जास्तीत जास्त. तापल्यावर हीटर मधूनमधून बंद पडतो एवढाच फरक. पण बसल्यावर जाणवतो तो वेगळाच: डोक्यावरून उतरणारा गारवा गेला. आधी १७ अंशांतही टोपी लागायची.

दोन बोर्डांच्या सांध्यातून आर्द्रतामापकाची सुई आत घातली. लाकूड १४ टक्के. उत्तम. टॉर्चनं बोगद्यात पाहिलं, कोरडा ठणठणीत. दोन लेडीबर्ड झोपलेल्या.

आणि झरोका? त्याच्या पत्र्यावर थेंब लोंबताहेत, दर मिनिटाला एक तुळशीच्या कुंडीत पडतोय. खोलीतली सगळी वाफ आता त्या एकाच गार जागेकडे धावते. वही काढून गुणाकार केला: झाकलेल्या चार गाळ्यांतून १५ अंशांच्या फरकाला ४० वॉट, आणि त्या एकट्या उघड्या गाळ्यातून ऐंशी! नवऱ्याला आकडा दाखवायला नको होता. तो लगेच म्हणाला, "उरलेला बोर्ड आहे गॅरेजमध्ये."

बाबांना विचारलं. "थंडीत झरोक्यावर घमेलं पालथं घालायचो," ते म्हणाले, "होळी झाली की काढायचं."

घमेल्याच्या जागी मी दुसरा एक स्वच्छ पत्रा खालून, लाकडी चौकटीत, रबरी पट्टी दाबून बसवायचं ठरवलंय. उजेडही राहील आणि वाफही पलीकडे जाणार नाही. १० मिलीमीटरचा पत्रा पुरेल. गाळ्याची मापं घेतली, तीन ठिकाणी: वर ६५१, मध्ये ६५४, खाली ६६०. कपडे वाळवायची दोरी आज काढली. तुळशीखाली तूर्तास स्टीलची वाटी आहे.